चंद्रकांत काकोडकर : न्यायालयाने वाचलेला कादंबरीकार

१९६९ हे वर्ष चंद्रकांत काकोडकर यांच्या लेखनजीवनात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी २५ ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या एका कथेवरील अश्लीलतेचा आरोप फेटाळून लावला. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबरमध्ये, त्यांच्या ‘नीलांबरी’ या कादंबरीवर आधारलेला राज खोसला यांचा ‘दो रास्ते’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला. एकीकडे देशातील सर्वांत वरचे न्यायपीठ, दुसरीकडे देशातील सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग. या दोन्ही ठिकाणी एकाच वर्षात ज्याच्या लेखनाचा निकाल लागला, असा दुसरा मराठी प्रणयकादंबरीकार दाखवणे कठीण आहे. तरीही मराठी कादंबरीच्या इतिहासग्रंथांत काकोडकरांचे नाव बहुधा ‘लोकप्रिय कादंबरीकार’ या सदराखाली, इतर चार-पाच नावांच्या ओळीत, येते आणि तेथेच संपते. न्यायालयाने जो निर्णय द्यायचा तो दिला, प्रेक्षकांनीही दिला. साहित्यसमीक्षेचा निर्णय मात्र बाकी राहिला. तो का राहिला, या प्रश्नाचा संबंध एका लेखकापुरता नाही. मराठी समाजातील वाचनाच्या इतिहासाशी तो जोडलेला आहे.

काकोडकर ज्या परंपरेत लिहीत होते ती परंपरा मुळात समीक्षेला अपरिचित नव्हती. मराठी प्रणयकादंबरीला प्रतिष्ठा मिळवून दिली ती ना. सी. फडके यांनी. १९१७ साली ‘अल्ला हो अकबर!’ या कादंबरीने सुरू झालेले त्यांचे लेखन सहा दशके अखंड चालले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या प्राध्यापकाने रचना, आरंभ, उत्कंठा, संवाद या साऱ्यांचे तंत्र मराठी लेखकांना शिकवले. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) हा ग्रंथ त्याचा पुरावा आहे. ज्या लेखकाने रंजन हे कलेचे प्रयोजन म्हणून उघडपणे मांडले, त्याच लेखकाने १९२७ साली भारतातील लैंगिक प्रश्न आणि संततिनियमन यांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना लाभली, ही गोष्ट सहसा विसरली जाते. तरुण-तरुणींनी परस्परांची निवड स्वतः करावी, हे फडक्यांच्या कादंबरीतील स्वप्न त्यांच्या विचारविश्वापासून तुटलेले नव्हते. १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले, १९६२ साली पद्मभूषण मिळाले. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण ती त्यांना समोर ठेवून झाली. ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद फडके आणि वि. स. खांडेकर या दोन नावांभोवती उभा राहिला, तो दोघेही समीक्षेच्या अंगणात वावरत होते म्हणूनच.

स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत हे अंगण बदलले. कवितेत मर्ढेकरांनी आणि कथेत गंगाधर गाडगीळ व त्यांच्या समकालीनांनी जे वळण आणले, त्यानंतर समीक्षेचे लक्ष प्रयोगाकडे, संवेदनशीलतेच्या नव्या रूपांकडे लागले. १९६३ साली भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ आली आणि कादंबरीविषयीची अपेक्षाच पालटली. ही स्थित्यंतरे आवश्यक होती. पण त्यांचा एक परिणाम असा झाला, की गंभीर आणि रंजनपर अशी एक सरळ रेघ वाङ्मयाच्या मध्यातून ओढली गेली. रेघेच्या एका बाजूच्या लेखकांचे परीक्षण होऊ लागले आणि दुसऱ्या बाजूच्या लेखकांची फक्त गणना. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा किती, बाबा कदमांच्या कादंबऱ्या किती, काकोडकरांच्या किती, असे आकडे कौतुकाने किंवा उपहासाने सांगितले गेले. त्या पुस्तकांत काय आहे, हे सांगण्याची गरज कोणाला भासली नाही.

ही पुस्तके वाचकांपर्यंत पोचत होती ती मुख्यतः वाचनालयांतून. मराठी प्रदेशात सार्वजनिक ग्रंथालयांची परंपरा जुनी आहे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. त्यांच्या जोडीने विसाव्या शतकाच्या मध्यात गल्लोगल्ली खाजगी वाचनालये उभी राहिली. अनामत रक्कम भरायची, महिन्याची वर्गणी द्यायची आणि पुस्तक बदलून न्यायचे. या व्यवस्थेत पुस्तकाची एक प्रत अनेक घरांतून फिरत असे. त्यामुळे आवृत्तीचा आकडा लहान असला तरी वाचकसंख्या मोठी असे. पुस्तक दुपारी घरातील बाई वाची, संध्याकाळी महाविद्यालयात जाणारी मुलगी, रात्री कचेरीतून आलेला कारकून. प्रत परत देण्याची मुदत ठरलेली असल्याने कादंबरी एका-दोन बैठकींत संपावी लागे आणि ती संपताच वाचक त्याच लेखकाची दुसरी मागे. प्रणयकादंबरीकाराचे विपुल लेखन हा त्याच्या स्वभावाचा किंवा लोभाचा भाग म्हणून दाखवला जातो, पण त्यामागे या देवघेवीचा रेटा होता. वर्षाला एक कादंबरी देणारा लेखक अशा वाचनालयाच्या फळीवर टिकू शकत नव्हता.

याला जोड होती दिवाळी अंकांची. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखनाचे आर्थिक वर्ष दिवाळीला सुरू होते असे म्हणायला हरकत नाही. गंभीर नियतकालिकांइतकेच रंजनपर मासिकांचेही दिवाळी अंक निघत. चित्रे, व्यंगचित्रे, लघुकथा आणि एखादी लांबलचक कथा असा त्यांचा ऐवज असे. ‘रंभा’ हे अशांपैकी एक मासिक. त्याच्या १९६२ च्या दिवाळी अंकात काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा छापून आली. इंग्रजी निवाड्यात तिचे नाव ‘शामा’ असे लिहिलेले आढळते.

ही कथा निशिकांत नावाच्या कवीची आणि त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची आहे. नीला, वनिता आणि शेवटी श्यामा. श्यामा ही संगीतशिक्षिका आहे, म्हणजे स्वतः मिळवती. कथानकाचा साचा ओळखीचा आहे. पहिले अपुरे प्रेम, नंतरचा देहाचा अनुभव, आणि अखेरीस खऱ्या जवळिकीची शक्यता व तिच्या वाटेतील संशय. पुण्यातील एका वाचकाला या अंकातील मजकूर अश्लील वाटला आणि त्याने भारतीय दंड संहितेच्या कलम २९२ खाली फिर्याद केली. आरोपी तिघे होते. अंकाचे मुद्रक-प्रकाशक, कथेचे लेखक काकोडकर आणि अंक विकणारा विक्रेता. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष ठरवले. मुंबई उच्च न्यायालयाने मात्र मुद्रक-प्रकाशक आणि लेखक यांना दोषी धरले, प्रत्येकी पंचवीस रुपये दंड ठोठावला आणि अंकाच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला.

पंचवीस रुपये ही रक्कम मोठी नव्हती. दंड भरून हे प्रकरण मिटवणे सोपे होते. ज्याचे उत्पन्न वाचनालयांवर आणि मासिकांवर अवलंबून आहे अशा लेखकाने दिल्लीपर्यंत जावे, हे व्यवहाराच्या हिशेबात बसणारे नव्हते. तरीही काकोडकर विशेष परवानगीने सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांना दंड चुकवायचा नव्हता, हे उघड आहे. दोषी ठरलेला लेखक हा शिक्का त्यांना पुसायचा होता. ज्या लेखकाला समीक्षेने कधी ‘लेखक’ म्हणून गंभीरपणे घेतले नाही, त्याने आपल्या लेखकपणाची प्रतिष्ठा न्यायालयाकडे मागितली, असा या कृतीचा अर्थ लावता येतो.

काळ अनुकूल नव्हता. १९६४ साली मुंबईतील पुस्तकविक्रेते रणजित उदेशी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डी. एच. लॉरेन्स यांच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ या कादंबरीची विक्री गुन्हा ठरवली होती. वास्तविक याच कादंबरीच्या प्रकाशकांना इंग्लंडमधील ज्यूरीने १९६० सालीच निर्दोष सोडले होते. भारतात मात्र १८६८ च्या हिक्लिन खटल्यातील कसोटी अजून प्रमाण होती. ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात त्यांना बिघडवण्याकडे मजकुराचा कल आहे काय, एवढेच ती कसोटी विचारी. लॉरेन्ससारखा मान्यवर लेखक जेथे टिकला नाही, तेथे ‘रंभा’मधील कथा कशी टिकणार, असे कोणालाही वाटले असते.

न्या. पी. जगनमोहन रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालाचे महत्त्व म्हणूनच मोठे आहे. कसोटी त्यांनी नाकारली नाही, पण ती लावण्याची रीत बदलली. अश्लीलतेची कल्पना देशानुसार आणि समाजाच्या तत्कालीन नीतिकल्पनांनुसार बदलते, हे त्यांनी स्पष्ट केले. लैंगिक विषयाचा उल्लेख एवढ्यानेच लेखन अश्लील ठरत नाही, तसे मानले तर धार्मिक ग्रंथांखेरीज काही विकताच येणार नाही, असा युक्तिवाद त्यांनी पुढे ठेवला. एखाद्या अपवादात्मक वाचकावर काय परिणाम होईल हे पाहायचे नसून, ज्या वाचकवर्गाच्या हाती मजकूर जातो त्या वर्गाचे काय होईल हे पाहायचे, असेही बजावले. आणि मग प्रत्यक्ष कथा घेतली. निशिकांत कोण, त्याचा स्वभाव काय, नीलाशी व वनिताशी त्याचे संबंध कसे आले, श्यामाच्या मनात काय चालले आहे, आक्षेप घेतलेले परिच्छेद कथेत कोठे येतात, हे सारे क्रमाने तपासले. त्यातून तरुण वाचक बिघडेल असे काही आढळत नाही, असा निष्कर्ष काढून शिक्षा रद्द केली.

येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. कथानकाचा सारांश, पात्रांच्या प्रेरणांचा विचार, आक्षेपार्ह भागाचा संपूर्ण कृतीशी संबंध, वाचकवर्गाची ओळख, ही कामे समीक्षेची आहेत. काकोडकरांच्या बाबतीत ती न्यायाधीशांनी केली. अर्थात न्यायालयाचे वाचन एका मर्यादेपलीकडे जात नाही, तसे जाण्याचे त्याला कारणही नाही. कथा निरुपद्रवी आहे की नाही एवढेच त्याला ठरवायचे असते. ती चांगली आहे काय, तिच्यातील भाषा जिवंत आहे की साचेबंद, श्यामा ही व्यक्ती आहे की केवळ नायकाच्या सुखाचे साधन, हे प्रश्न तेथे संपत नाहीत, खरे तर तेथून सुरू होतात. निर्दोष ठरणे हा वाङ्मयीन गुण नव्हे. काकोडकरांच्या वाट्याला एवढाच गुण आला.

या संदर्भात बा. सी. मर्ढेकर यांच्यावरील खटल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. ‘काही कविता’ (१९४७) या त्यांच्या संग्रहावरही अश्लीलतेचा खटला झाला आणि तेही निर्दोष सुटले. मर्ढेकरांचा खटला नवकवितेच्या इतिहासाचा भाग झाला. त्याचा उल्लेख केल्याशिवाय मर्ढेकरांवरील प्रकरण पुरे होत नाही. त्याआधी ‘समाजस्वास्थ्य’कार र. धों. कर्वे यांच्यावर खटले झाले. १९३४ सालच्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला हरला, पण मराठी समाजसुधारणेच्या स्मृतीत राहिला. काकोडकरांचा खटला या दोन्हींपेक्षा वरच्या न्यायालयात गेला आणि जिंकला, तरी तो राहिला कायद्याच्या ग्रंथांत. वकिलीचा अभ्यास करणाऱ्या देशभरच्या विद्यार्थ्यांना काकोडकर हे नाव ठाऊक असते. मराठीच्या विद्यार्थ्याला ते ठाऊक असेलच असे नाही.

चित्रपटसृष्टीने त्यांना वेगळ्या दृष्टीने वाचले. ‘दो रास्ते’मध्ये एका एकत्र कुटुंबाची गोष्ट आहे. बलराज साहनी यांनी साकारलेला थोरला भाऊ सावत्र आई आणि धाकट्या भावंडांसाठी खपतो. श्रीमंत घरातून आलेली सून घरात फूट पाडते. धाकटा भाऊ, राजेश खन्ना, ते घर पुन्हा जोडू पाहतो. या चित्रपटाच्या कथेसाठी काकोडकरांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. पुढे १९७८ साली राज खोसला यांनीच काकोडकरांच्या ‘अशी तुझी प्रीत’ या कादंबरीवरून ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ हा चित्रपट केला. त्यात विवाहाबाहेरील प्रेम आहे, पण कथेचे केंद्र आहे ती पत्नी. पतीच्या प्रेयसीचा मुलगा वाढवण्याचे आणि त्याला त्याचे स्थान देण्याचे दायित्व ती स्वीकारते. पत्नीच्या भूमिकेसाठी नूतन यांना आणि सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून या कृतीला फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

हे दोन चित्रपट शेजारी ठेवले की या प्रणयकथांविषयीचा एक रूढ समज तपासून पाहावा लागतो. प्रणयकादंबरी म्हणजे दोन जिवांचे मीलन, असे मानले जाते. या दोन्ही कथांत मात्र मीलन हा प्रश्नच नाही. प्रेमाने घराला काय द्यायचे आणि घराने प्रेमाला किती जागा द्यायची, हा प्रश्न आहे. चाळीच्या दोन खोल्यांत एकत्र कुटुंब कसे टिकावे, मिळवत्या भावाचे आणि भावजयीचे देणेघेणे कसे असावे, विवाहाबाहेरच्या नात्यातून जन्मलेल्या मुलाचे समाजात स्थान कोणते, हे प्रश्न गिरणी, कचेरी आणि शाळा यांवर पोट असलेल्या वाचकांच्या रोजच्या जगण्यातले होते. उत्तरे बहुधा त्यागाची होती आणि तो त्याग बहुधा बाईच्या वाट्याला येई, ही या कथांची मर्यादा आहे. ती स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पण मर्यादा सांगण्यासाठीही आधी वाचावे लागते. ‘श्यामा’मधील संगीतशिक्षिका आणि ‘तुलसी’मधील क्षमाशील पत्नी या दोघी एकाच लेखकाच्या लेखणीतून याव्यात, यातला ताण ओळखणे हे समीक्षेचे काम होते.

शेजारच्या कन्नड साहित्यात हे नाते थोडे निराळे राहिले. त्रिवेणी (१९२८-१९६३) यांच्या कादंबऱ्या घरोघर वाचल्या गेल्या. पुट्टण्णा कणगाल यांनी त्यांवरून ‘बेळ्ळि मोड’ (१९६७) आणि ‘शरपंजर’ (१९७१) हे चित्रपट केले. एम. के. इंदिरा यांच्या ‘गेज्जे पूजे’चेही असेच रूपांतर झाले. बंगळूरच्या राजाजीनगरसारख्या, कारखान्यांत आणि कचेऱ्यांत राबणाऱ्या लोकांच्या वसाहतींत असल्याच पुस्तकांवर वाचनाची भूक भागत होती. पण तेथे त्रिवेणींचा विचार मानसशास्त्रीय कादंबरीची लेखिका म्हणून झाला आणि एम. के. इंदिरा यांच्या ‘फणियम्मा’ला कर्नाटक साहित्य अकादमीने गौरवले. वाचनालयाची फळी आणि अकादमीचे व्यासपीठ यांत जाण्यायेण्याची वाट तेथे उघडी होती. मराठीत ती फडक्यांच्या पिढीपर्यंत होती, पुढे बुजत गेली.

काकोडकरांच्या खटल्याचे पुढचे आयुष्य मोठे आहे. निकालानंतर दोनच आठवड्यांत, ७ सप्टेंबर १९६९ पासून, कलम २९२ मधील दुरुस्ती अमलात आली आणि विज्ञान, साहित्य, कला यांच्या हिताचे प्रकाशन या कलमातून वगळले गेले. १९८५ साली समरेश बसू यांच्या ‘प्रजापति’ या बंगाली कादंबरीवरील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काकोडकर निकालाचा आधार घेतला. ती कादंबरीही ‘देश’ नियतकालिकाच्या शारदीय अंकात आली होती, जशी ‘श्यामा’ दिवाळी अंकात. न्यायाधीशाने आधी लेखकाच्या आणि मग वेगवेगळ्या वयाच्या वाचकांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे, असे तेथे सांगितले गेले. २०१४ साली हिक्लिन कसोटी न्यायालयाने बाजूला सारली. २०१५ साली वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या ‘गांधी मला भेटला’ या कवितेसंबंधीच्या प्रकरणात काकोडकर निकालाची पुन्हा चर्चा झाली. दंड संहितेची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने घेतली, त्या नव्या संहितेतही अश्लील पुस्तकांसंबंधीचे कलम आहेच. म्हणजे पुढच्या कोणत्याही लेखकावर असा प्रसंग आला, तर त्याच्या वकिलाला ‘रंभा’च्या १९६२ च्या दिवाळी अंकापर्यंत मागे जावे लागेल. अधिक नावाजलेल्या अनेक लेखकांना आज जे स्वातंत्र्य सहज वाटते, त्याच्या पायाचा एक चिरा फळीवरच्या या कादंबरीकाराने बसवला आहे.

गल्लीतील खाजगी वाचनालये एकेक करून बंद झाली. ज्या प्रती उरल्या त्या रद्दीत गेल्या किंवा पुठ्ठ्याच्या बांधणीत कुठे कुठे पडून आहेत. कितीही वेळा हाताळली गेलेली असली तरी अशी पुस्तके ग्रंथालयांच्या जतनयोग्य यादीत क्वचितच येतात. त्यामुळे मराठी माणसाने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत्यक्ष काय वाचले, याचा पुरावाच नाहीसा होत आहे. काकोडकरांना मोठा कादंबरीकार ठरवणे हा या विवेचनाचा हेतू नाही. सावकाश वाचल्यानंतर त्यांच्या बहुतेक कादंबऱ्या सामान्य ठरतील, काही कदाचित ठरणार नाहीत. पण तो निर्णय वाचून झाला पाहिजे. उच्च न्यायालयाने त्यांना दोषी धरले तेव्हा निदान त्यांना वर दाद मागता आली. न वाचता दिलेल्या निकालावर अपील कोठे करायचे, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेले नाही.